चिखलदऱ्याची कॉफी आणि आमच्या मातोश्री

अशोक विजयादशमीला नागपूरला जावयाचे, दीक्षाभूमीवर अभिवादन करावयाचे आणि त्याच गाडीने थेट मोहोळला परतावयाचे, हा आमच्या वस्तीतील मंडळींचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. वाटेत थांबायचे ते डिझेलसाठी, नाहीतर बांधून घेतलेली शिदोरी सोडण्यासाठी. सन २०२४ मध्ये विजयादशमी १२ ऑक्टोबरला, शनिवारी आली. पुढे रविवार होता. सोमवारची किरकोळ रजा आम्ही आधीच मंजूर करून घेतली होती. तेव्हा आमच्या कन्येने विषय काढला, "पप्पा, नागपूरहून चिखलदरा फार लांब नाही. तिथे कॉफी पिकते. महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे पिकत नाही म्हणे."

गाडी भाड्याची क्रूझर, माणसे अकरा. आम्ही बी.कॉम. झालेले असल्यामुळे वर्गणी आणि हिशेबाची वही आपोआप आमच्याकडे येते. एक दिवस वाढला तर माणशी किती वाढतील, हे आम्ही सांगताच तरुण मंडळी तयार झाली. अडले ते आमच्या मातोश्रींपाशी. त्यांचे वय आता त्र्याहत्तर. त्या म्हणाल्या, "थंड हवा खायाला पैसं? हवा काय इकत मिळती व्हय? नागपूरला बाबासाहेबांसाठी जायाचं. त्या डोंगरावर आपलं काय हाय?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न केवळ आमच्याच मातोश्रींचा नसावा. त्यांच्या पिढीने प्रवास केला तो कामासाठी, नाहीतर नागपूर आणि चैत्यभूमीसाठी. नुसते पाहण्यासाठी कुठे जावे, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात कधी बसलीच नाही.

शुक्रवारी पहाटे निघून सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असे करीत सुमारे ६०० किलोमीटर काटून नागपूर गाठले. शनिवारचा जनसागर वाचकांनी स्वतः पाहिलेला आहे, त्याचे वर्णन करीत नाही. रविवारी पहाटे अमरावतीच्या रस्त्याला लागलो. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशीच त्यांचा प्राण गेला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा चौदाच दिवस झाले होते. पंढरपूर आमच्या मोहोळच्या शेजारचे. तेथील चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली, हे आमच्याकडे म्हातारी माणसे अजून सांगतात. पुलावर गाडी हळू करायला सांगितली. मातोश्रींनी खिडकीतूनच हात जोडले.

परतवाडा सोडले की सातपुडा सुरू होतो. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे सागाची पाने भलीमोठी आणि हिरवीगार. आमच्या सोलापूर जिल्ह्यात डोळ्यांना इतका हिरवा रंग एकदम कधी दिसत नाही. घाटात एका वळणावर चालकाने गाडी थंड करण्यासाठी थांबविली. सारे दरीकडे धावले. मातोश्री मात्र रस्त्याच्या कडेला बसल्या, तेथे दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीतला एक खडा त्यांनी उचलला, तळहातावर फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "मशिनीची हाय. हातानं फोडलेली अशी नसती."

सन १९७२ च्या दुष्काळात मातोश्री एकवीस वर्षांच्या होत्या. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. मोहोळ भागातील रस्त्याच्या कामावर त्यांनी खडी फोडली. खडा कडीतून आरपार गेला पाहिजे, नाहीतर ढीग मोजत नसत. शंभर घनफूट झाले की एक ब्रास. खायला अमेरिकेचा लाल मिलो आणि लेकरांना सुकडी. त्याच दुष्काळी कामांतून पुढे महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि त्याच धर्तीवर २००५ साली देशाचा कायदा झाला, हे आम्ही व्याख्यानांतून अनेकदा सांगितले आहे. पण खडा कडीतून जावा लागे, ही गोष्ट आम्हास त्या घाटात प्रथमच कळली. चाळीस वर्षांत आम्ही विचारलेच नव्हते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या पठाराचा शोध लावला, असे पुस्तकांत असते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकू आदिवासींनी ते कधी हरविले होते, हे मात्र कोणी लिहीत नाही. कोरकूंच्या बोलीत 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, हिंदीच्याही नव्हे. तिची नातलग मुंडारी आणि संथाळी, थेट झारखंडकडची. मेळघाटचे नाव आम्ही १९९३ पासून वर्तमानपत्रांत वाचत आलो ते बालमृत्यू आणि कुपोषणामुळे. आणि त्याच मेळघाटात आम्ही थंड हवा खाण्यासाठी वर्गणी काढून आलो होतो, ही टोचणी दिवसभर मनात होती, ती लपवीत नाही.

भीमकुंडापाशी आमच्या धाकट्या पुतण्याने पाटी वाचून मोठ्याने "जय भीम!" केले. हा महाभारतातील भीम, कीचकाला मारून त्याने हात धुतले ते हे कुंड, असे समजावताना आमची पुरेवाट झाली. गाविलगड पाहिला. बहामनी अहमदशहाच्या काळातला हा किल्ला आर्थर वेलस्लीने १५ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांकडून घेतला. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरविणारा तो हाच. बुरूज मोठे, वाट दमविणारी. बाकीचे पॉइंट धुक्याने गिळले, तेव्हा त्यांचे वर्णन कोठून करणार?

कॉफीची बाग मात्र नीट पाहिली. आम्हास वाटले होते, चहाच्या मळ्यासारखी उघडी टेकडी असेल. तसे नाही. उंच झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपे दाटीने उभी, पाने गर्द हिरवी आणि चकचकीत, फांदीला चिकटून हिरव्या फळांचे घोस. उन्हाळ्याच्या तोंडी पाऊस शिंपडला की जाईसारखी पांढरी फुले येतात आणि फळ पिकायला पुढे आठ-नऊ महिने लागतात. एका फळात दोन बिया. एका घोसातली सगळी फळे एकदम लाल होत नाहीत, म्हणून पिकलेली तेवढी हाताने वेचायची आणि पुन्हा फेरी मारायची. मग साल काढायची, वाळवायचे, भाजायचे, दळायचे. ही वनस्पती मूळची इथिओपियाची. येमेनमधून बाबा बुदन या फकिराने सात बिया आणून कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. आज देशाच्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कर्नाटकातून येते. चिखलदऱ्याची त्यात चिमूटभर, इंग्रजी अमदानीत लावलेली.

बागेत एक कोरकू बाई तण काढीत होत्या, वय साधारण चाळीस. मातोश्री सरळ त्यांच्यापाशी जाऊन खाली बसल्या. आम्ही दोन पावले मागे उभे.

"बाई, ही फळं कवा पिकत्यात?"

"थंडीत. डिसेंबरात तोडाले येतो आम्ही."

"किलोवर का रोजावर?"

"रोजावर."

"आन बाकी वर्षाला?"

बाईंनी हातातल्या विळ्यानेच खालच्या मैदानाकडे दाखविले. परतवाडा, अमरावती, कधी त्याहून पुढे. सोयाबीन सोंगायला, बांधकामावर. मातोश्रींनी त्यांचा हात धरून तळव्यावर अंगठा फिरविला. मगाशी घाटात तो खडा पाहिला तसाच.

"आन कापी पेती का तू?"

बाई हसल्या. "आमी चाय पेतो. काळा."

मातोश्रींनी नातीला फर्मावले, समोरच्या टपरीवरून कॉफी आण, हिलाही आण. नात पाच कागदी कप घेऊन आली. टपरीवाल्याला तिने विचारले होते, ही इथलीच ना? तो म्हणाला, इथली पावडर तिकडच्या दुकानात डब्यात मिळते, ही यंत्रातली पुडीची. म्हणजे कॉफीच्या झाडाखाली बसून आम्ही बाहेरून आलेली कॉफी प्यालो, तीही चहाच्या दुप्पट भावाने. हिशेबाच्या वहीत ती 'इतर' या सदरात लिहिली आहे.

त्या बाईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. मातोश्रींनीही केले. "कडू हाय की गं!" दोघी हसत सुटल्या. मग मातोश्री कपाकडे पाहत म्हणाल्या, "आमच्या गावच्या हाटेलात आमच्या कपबश्या येगळ्या असायच्या. वळचणीला. आपणच धुवायच्या आन परत तितंच ठिवायच्या. सारखी कपबशी मी मोहोळला आल्यावर पयल्यांदा पाहिली." त्या बाईंना यातले कितपत कळले, कोण जाणे. त्यांनी साखरेचा तळ बोटाने पुसून खाल्ला आणि पुन्हा विळा हाती घेतला.

निघताना त्यांनी गळून पडलेली सात-आठ हिरवी फळे मातोश्रींच्या ओंजळीत घातली. आमच्या सहचारिणींनी दुकानातून पाव किलो चिखलदऱ्याची पावडर घेतली. रात्री लॉजच्या दोन खोल्यांत महिला आणि मुले, आम्ही पुरुष गाडीत. गारठा असा होता की आणलेली एक चादर तिघांत पुरेना. सोमवारी पहाटे निघून अकोल्याच्या वाटेने मध्यरात्रीनंतर मोहोळला पोहोचलो.

ती पावडर आता आमच्या घरी पाहुण्यांसाठी आहे. आमच्या कार्यालयात कॉफी साहेबांच्या दालनात जाते आणि लिपिकांना चहा, त्यामुळे घरी कॉफीचा कप हाती आला की आमची थोडी ऐट होते, हे कबूल करतो.

मातोश्रींनी ती हिरवी फळे अंगणात जुन्या तेलाच्या डब्यात माती भरून पुरली. कच्च्या फळातले बी उगवत नाही, शिवाय मोहोळचे ऊन त्याला सोसणार नाही, असे कन्येने परोपरीने सांगितले. दोन महिने त्यांनी रोज तांब्याभर पाणी घातले. काही उगवले नाही. मग एके सकाळी डबा पालथा घालून त्या आम्हास म्हणाल्या, "लाल झालेली आणाया पायजेत. त्या बाईनं डिसेंबर म्हणलं हुतं ना? तुझी रजा किती शिल्लक हाय बघ."