आटे जुळतात तेव्हा

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून, सायकलींचा एक कोपरा असतो. तिथे आलेली सायकल सहसा परत जात नाही. आधी हवा जाते, मग टायरला चिरा पडतात, मग चेन स्वतःच्याच गंजात आखडते आणि एक दिवस जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागते की बेवारस सायकली महिनाअखेरीस भंगारात दिल्या जातील. या गर्दीत नव्वदच्या दशकातली जाड टायरची, सरळ हँडलची एक तरी सायकल हमखास असते. कुणाच्या तरी दहावीच्या मार्कांचं बक्षीस. कंपनी कुठलीही असो, मुलांच्या तोंडी ती ‘रेंजर’च. अशीच एक, मालक परदेशात स्थिरावल्यामुळे मागे राहिलेली, मी सेक्रेटरींकडून मागून घेतली आणि ठरवलं, हिला लागेल ते सगळं भंगारातूनच आणायचं.

या हट्टाला पूर्वजांचा आधार आहे. माउंटन बाईक जन्मली तीच मुळी अडगळीतून. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतल्या तरुणांनी १९३०-४०च्या सुमाराच्या जाड टायरच्या श्विन सायकली शोधून काढल्या. मडगार्ड आणि शोभेचा पत्रा उतरवला, मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर बसवले, मिळतील तिथून गिअर आणले. या खटाऱ्यांना ते ‘क्लंकर’ म्हणत. ऑक्टोबर १९७६मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर त्यांनी शर्यत लावली; दोनेक मैलांत सुमारे तेराशे फूट खाली. पायडल उलट दाबून लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. जो ब्रीझ याने खास या कामासाठी फ्रेम बांधली ती १९७७मध्ये, आणि कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली स्टम्पजंपर बाजारात आली १९८१मध्ये. त्याआधी ही सायकल सहजासहजी विकत मिळत नव्हती. ती जमवावी लागायची.

जमवाजमव करायला पुण्यात जुना बाजार आहे. रविवारी आणि बुधवारी जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्यांवर कुणाकुणाच्या संसारातलं लोखंड पसरलेलं असतं. पण बाजारात जायच्या आधी मी मामांकडे जाऊ लागलो. ‘मामा’ म्हणजे पेठेतले सायकलवाले, सगळ्या गल्लीचे मामा. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक पंप, पंक्चरच्या पाण्याचं घमेलं आणि भिंतीला लटकवलेल्या रिमा. मी विचारलं, “मामा, दुसऱ्या कंपनीचं फ्रीव्हील हिला बसेल का?” त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, “कंपनी काय विचारता साहेब? आटे विचारा.”

त्या उत्तराचा अर्थ मला पुढे हळूहळू कळत गेला. एका काळ्या, दूधवाल्याच्या असाव्यात तशा थोराड सायकलीची पायडलं मी आणली होती. ती माझ्या क्रँकमध्ये अशी फिरत गेली, जणू तिथूनच निघाली होती. दोन्ही सायकली वेगळ्या कारखान्यांतल्या, वेगळ्या पिढ्यांच्या, वेगळ्या कामांच्या. पण पायडलचं माप दोघींचं नऊ-सोळांश इंच आणि इंचाला २० आटे. डाव्या पायडलचे आटे मात्र उलटे. उजव्यासारखेच सरळ असते, तर चालवता चालवताच ते ढिलं होऊन गळून पडलं असतं. चेनचंही तसंच. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, मग सायकल मुलाची असो की शर्यतीची.

सगळंच काही असं जुळत नाही. काळ्या सायकलीची चेन लांबीच्या मापात बरोबर असली, तरी गिअरच्या दाटीवाटीने बसलेल्या चकत्यांत रुंद पडते. तिच्या मागच्या हबला आऱ्यांची भोकं ४०, पुढच्याला ३२. माझ्या रिमला दोन्हीकडे ३६. टायरच्या बाबतीत तर शुद्ध फसवणूक आहे. ‘सव्वीस इंची’ म्हणून दोन टायर समोर आले, तरी ते एका रिमवर बसतीलच असं नाही. जाड टायरच्या सव्वीसची रिम ५५९ मिलिमीटरची, आणि २६ गुणिले १ ३/८ असं छापलेल्या टायरची ५९०. हा आतल्या बैठकीचा व्यास. बाहेरचा आकडा नुसता नावापुरता. म्हणून जुन्या बाजारात मी टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचतो, आणि रिम घेण्याआधी भोकं मोजतो. विक्रेते मला बहुधा रिकामटेकडा समजतात.

सर्वांत जुना करार सापडला तो सायकलीच्या पोटात, जिथे दोन्ही क्रँक एका एक्सलला जोडलेल्या असतात. तिथल्या वाट्या झिजून खड्ड्याखड्ड्यांच्या झाल्या होत्या. भंगारातल्या एका निनावी फ्रेममधून काढलेल्या वाट्या तिथे नेमक्या बसल्या. व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. जगभर या मापाला बीएसए म्हणतात. आपल्याकडे हे नाव मद्रासजवळच्या अंबत्तूरला तयार होणाऱ्या सायकलींमुळे घरोघरी पोचलं, पण मूळ बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. १८६१ साली यंत्रावर बंदुका बनवण्यासाठी निघालेली ही कंपनी. चिन्हातही एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. हाताने घासून बनवलेल्या बंदुकीचा भाग त्याच बंदुकीला बसायचा. यंत्रावरच्या बंदुकांचे भाग अदलाबदल करता यावेत, ही त्या काळची नवी गरज. रणांगणात मोडलेल्या दोन बंदुकांतून एक चालती बंदूक उभी राहावी, हा त्यातला हिशेब. पुढे कंपनी सायकलीच्या धंद्यात उतरली, आपले भाग इतर सायकल बनवणाऱ्यांनाही विकू लागली आणि तिची मापं सगळ्यांची झाली. सैन्याच्या हिशेबाची फळं आता जुन्या बाजारातलं माझ्यासारखं गिऱ्हाईक चाखतं.

अलीकडच्या कित्येक महागड्या सायकलींत तिथे आटेच नसतात. बेअरिंग दाबून बसवतात, आणि त्याची मापं कंपनीगणिक वेगळी. मागच्या हबची रुंदीसुद्धा १३५ मिलिमीटरवरून १४२, मग १४८ अशी सरकत गेली. प्रत्येक बदलामागे काही कारण असेल. चाक थोडं ताठ होत असेल, वजन थोडं घटत असेल. पण तीस वर्षांनी अशी सायकल कुणाला पार्किंगच्या कोपऱ्यात सापडली, तर तिच्या मापाचा भाग कुठल्या ताडपत्रीवर मिळेल? दाबून बसवलेली ती बेअरिंगं करकरू लागली, तेव्हा काही कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

जोडण्यापेक्षा खोलणं अवघड. सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी फ्रेममध्ये इतका चिकटला होता, की दोन धातूंचं मिळून एकच झालं होतं. ओलाव्यात हे दोन धातू शेजारी आले, की ॲल्युमिनियम सडतं आणि त्याचा पांढरा भुगा फटीत ठासून बसतो. मी दांड्याच्या कडेने गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर मुरू दिलं. मग मामांच्या सल्ल्याने दांड्यावर बर्फ धरला, कारण गरम-थंड होताना ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण-आकुंचन पावतं. फ्रेम आहे तेवढीच राहिली, दांडा केसभर आक्रसला आणि किंकाळी फोडून फिरला. मग मागचं चाक मामांनी उलट्या सायकलीवर फिरवून त्याची आऊट काढली. एकेक निपल पाव फेरा आवळत, आऱ्यांवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत. ऐंशी-नव्वद टक्के काम कानाने, असं ते म्हणतात.

खोलताना एक गोष्ट लक्षात आली. जिथे कुण्या मेकॅनिकने कधीकाळी बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावलं होतं, तो बोल्ट पान्याच्या पहिल्या ओढीला सुटला. जिथे लावलं नव्हतं, तिथे छिन्नी-हातोडा आला, नाही तर गॅसवेल्डिंगवाला. आता वेताळ टेकडीच्या खडीवर ही सायकल मजेत चढते, आणि कुणाला तिच्याबद्दल विचारावंसं वाटलं, तर मी कुठला भाग कुठून आला ते सांगत बसतो. पण मला स्वतःला तिच्यातलं जे काम मोलाचं वाटतं, ते दिसत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस चालवणाऱ्याला उपयोगी पडतं. आट्यांवरचं ग्रीस चालवणाऱ्याच्या काहीच कामाचं नाही. ते खोलणाऱ्यासाठी असतं. मी प्रत्येक आट्याला ते लावलं आहे. ही सायकल आज ना उद्या पुन्हा भंगारात जाणारच, आणि तिथे आपल्या सायकलीसाठी एखादी वाटी, एखादं पायडल शोधत आलेल्या माणसाला ते हाताच्या एका ओढीत मिळावं, एवढं तर मी त्याचं देणं लागतो.