राणीछाप रुपयांच्या चिठ्ठ्या

जुन्या औषधांच्या वहीत ‘रुपयाभार सुंठ’ असे लिहिलेले तुम्ही वाचले असेल. हा रुपयाभार म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया इतक्याच वजनाचा असे, म्हणून तो घराघरांत वजन म्हणूनही वापरला जाई. हेच रुपये आपण लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडतो आणि पुसून पुन्हा कपाटात ठेवतो. पण त्यावर कोण आहे, साल कोणते, हे कोण पाहते?

आमच्या अकोटच्या घरी पितळी डब्यात असे एकोणतीस रुपये आहेत. धनीण सासूबाई. त्यांनी नव्वदी गाठली आहे. कोणता रुपया कुणी दिला हे त्यांना आठवते, पण रोज थोडेथोडे निसटते आहे. म्हणून प्रत्येक रुपयाची चिठ्ठी लिहायला मी घेतली. तुम्हालाही हे सहज जमेल, बरं का!

पहिली गोष्ट, नाणी घासू नका. चिंच, राख, रांगोळी, पितांबरी, काही म्हणजे काही नको. चकचकीत दिसली तरी वरचे नक्षीकाम झिजते आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. पूजेला लागतातच, तर दोन रुपये त्यासाठी वेगळे काढा.

आता दुपारच्या उजेडात भिंग घेऊन बसा. मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असेल तर रुपया १८३५ किंवा १८४० सालचा. मुकुटवाली राणी दिसली की नावापुढे पाहा: ‘क्वीन’ असेल तर १८६२ पासूनचा, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ ते १९०१ मधला. गंमत अशी, की १८६२ हे साल पुढे कित्येक वर्षे तसेच पाडले जात होते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘नाण्यावरचे साल’ असेच लिहावे. रुपयावर डोक्यावर मुकुट नसलेला, दाढीवाला राजा म्हणजे सातवा एडवर्ड. मुकुट आणि दाढी दोन्ही असेल तर पंचम जॉर्ज, मुकुट असून दाढी नसेल तर सहावा जॉर्ज. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला, की लोकांना तो डुकरासारखा वाटला आणि ओरड झाली. १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला!

मागच्या बाजूला खाली बारीक टिंब दिसले तर टांकसाळ बहुधा मुंबईची. कसलीच खूण नसेल तर कलकत्त्याची.

आणखी एक. सगळे रुपये सारख्या चांदीचे नाहीत. आधी बारापैकी अकरा भाग चांदी असे. लढाईच्या काळात, १९४० पासून, ती निम्मी झाली. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक लावा, चिकटतो. चांदी चिकटत नाही.

फारसी अक्षरांचे आणि राजा-राणी नसलेले नाणे सापडले तर वेगळे ठेवा. आपले वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होते, तेव्हा जुन्या घरांत असे नाणे निघू शकते. जाणकाराला दाखवा. मात्र मारुती किंवा रामदरबार असलेला, ‘१८१८’ लिहिलेला तांब्याचा ‘कंपनीचा आणा’ कोणी लाखात विकून देतो म्हणाला, तर दार लावून घ्या. ती नाणी नव्हेत, देवळाबाहेर मिळणारे बिल्ले. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे म्हणणाऱ्याला तर एक पैसाही देऊ नका.

चिठ्ठी नाण्याला चिकटवायची नाही. जाड कागदाच्या छोट्या पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहा आणि मग नाणे आत ठेवा. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. त्यांनी नाणी हिरवी, चिकट होतात. पाकिटावर राजा, साल, धातू, टांकसाळीची खूण आणि शेवटची ओळ: कुणाचे, कुणी दिले.

ही शेवटची ओळ सराफ सांगू शकत नाही. आमचे भाऊजी म्हणाले होते, “वहिनी, चांदी चढली आहे, तोलून टाकू या.” यात त्यांचे काही चुकले नाही, घराला गरज असतेच. पण लिहिता लिहिता तो निकेलचा रुपया हाती आला. सासूबाईंनी तो मुठीत धरला.

“माह्या बापानं देल्ला हा. मले गाडीत बसोलं अन् मुठीत कोंबला.”

काट्यावर त्याला काहीच मोल नाही, आणि एकोणतिसांत त्यांना तोच पहिला हवा. भाऊजींनी ते ऐकले. मग त्यांनीच भिंग हातात घेतले. रुपये सासूबाईंचे स्त्रीधन. विकायचे, वाटायचे की ठेवायचे ते त्याच सांगतील, आणि तेही आम्ही लिहून ठेवणार आहोत.

मैत्रिणींनो, साल नाण्यावर कोरलेले असते. ते दहा वर्षांनीही वाचता येईल. देणाऱ्याचे नाव मात्र आज विचारले तरच मिळेल. तेव्हा शेवटची ओळ आधी लिहा, आणि वहीत तिची एक नक्कल करून लेकीकडे द्या.