सोळा-तेराचा भाव

दादाने ट्रक विकायचं ठरवलं आणि भाव काढायचं काम माझ्याकडे आलं. मी पतसंस्थेत कर्जाचे कागद बघतो, म्हणून मला गाड्यांच्या किमती कळतात असा घरात समज आहे. खरं तर आमच्याकडे तारण म्हणून येणाऱ्या गाडीची किंमत कागदावरच ठरते. दादाची गाडी कागदात मावणारी नव्हती.

टाटाची सोळा-तेरा, २०१२ चं मॉडेल, सहा चाकी. ट्रकवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: १६१३ मधला १६ म्हणजे भारासकट एकूण वजन टनात आणि १३ म्हणजे साधारण १३० हॉर्सपॉवर. चारशे सातचंही तसंच, चार टन आणि सत्तर हॉर्सपॉवर. दादाने ही गाडी चार वर्षं वापरलेली घेतली, नऊ लाखांना. मग उसाच्या धंद्यासाठी तिच्यावर अडीच लाख घातले. हौदा नव्याने जड पत्र्याचा बांधला, वर नट-बोल्टची उंच लोखंडी जाळी केली, मागे जादा पाटे घातले, चेसीला आतून पट्टी मारली, डिझेलची दुसरी टाकी बसवली, आणि केबिनमध्ये असा टेप लावला की गाडी वेशीवर आली की वहिनी भाकरी टाकायला घ्यायच्या.

दादाचा हिशेब सरळ होता. नऊ आणि अडीच साडेअकरा. त्यातून वापराचे दोन वजा करायचे, साडेनऊ. मी म्हटलं, दोनच का? तर म्हणाला, "गाडी माझ्या हाताखाली होती."

मी आधी सांगली-कोल्हापूरकडच्या दोन-तीन डीलरांकडे चौकशी केली. त्यातही गंमत असते. विकायला गेलं की एक भाव, घ्यायला गेलं की दुसरा, आणि फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात तिसरा. मी ओळखीच्या चार लोकांना विचारून प्रत्यक्ष हातात पैसे पडलेले आकडे घेतले. त्या वेळी, २०२३ मध्ये, त्याच मॉडेलची साधी, काही न जोडलेली, कागद पूर्ण असलेली गाडी सव्वासात लाखांच्या आसपास जात होती. अकरा वर्षांच्या गाडीला हा भाव कमी नाही. ही बीएस-थ्री, साध्या फ्युएल पंपाची. सेन्सर नाही, युरिया नाही. तालुक्याच्या गावातला मेस्त्री रात्रीत दुरुस्त करून देतो. आडमार्गाला धंदा करणारा माणूस अशी गाडी मुद्दाम शोधत येतो.

दादा मध्येच विम्याचा कागद घेऊन आला. त्यावर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आठ लाख दहा हजार होती. "हे बघ, कंपनीच म्हणते." पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. दादानेच ती दर वर्षी जास्त सांगून लावून घेतली होती. कंपनीला काय, हप्ता वाढतो.

गाडी किती चालली, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. मीटरची केबल कधीच तुटली होती, त्यामुळे काट्याने एक आकडा धरून ठेवलेला. पण दादाची वही होती: डिझेल, ऑइल, टायर, सगळं तारखेनिशी. त्यावरून सहा लाख किलोमीटरच्या वर निघत होतं. आकडा ऐकून लोक दचकत, वही बघून जरा शांत होत. माझ्या मते यातला मोठा भाग हंगाम सोडून केलेल्या मुंबई लाइनचा होता. तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद वाशीला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. हायवेला एका लयीत चाललेले ते किलोमीटर गाडीला फारसे लागत नाहीत. हंगामातले थोडेच, पण उसाच्या सरीतून भरून निघताना चेसी पिळते, आणि ते मीटरमध्ये कधी दिसत नाही.

ते दिसतं ते पट्टीत. पहिलं गिऱ्हाईक विटांच्या धंद्यातलं, कवठे महांकाळकडचं. बरोबर स्वतःचा मेस्त्री. मेस्त्री रंगाकडे बघायलाही थांबला नाही. गाडी चालू ठेवून त्याने ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. धूर फुकफुक येत होता, पण हाताला ऑइलचे थेंब आले नाहीत. "बॅक कॉम्प्रेशन हाय, पन चालतंय अजून." मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं. किंग पिन गेलेली. शेवटी गाडीखाली आडवा झाला आणि बॅटरी मारून पट्टीच्या वेल्डिंगवरून बोट फिरवत गेला. बाहेर येऊन मालकाला एवढंच म्हणाला, "उसाची हाय."

दादा पट्टीचे पैसे मागत होता आणि तो मेस्त्री त्याच पट्टीवरून गाडीचा इतिहास वाचत होता. मजबुतीसाठी घातलेली प्रत्येक वस्तू ही गाडीने किती ओझं ओढलं त्याची साक्ष असते, हे मला तिथे पटलं.

विटांवाल्यांनी आणखी एक केलं, ते मला फार आवडलं. "चला, रिकामी गाडी काट्यावर घालू." आरसी बुकावर रिकामं वजन ५,८५० किलो. काट्यावर आलं ६,४७०. दादा डिझेल, स्टेपनी, दोरखंड असं सांगायला लागला. विटांवाले अण्णा हसले. "सहा क्विंटल लोखंड मी रोज फुकट फिरवायचं व्हय? तेवढ्या विटा कमी बसणार पासिंगमध्ये." एकूण वजनाची मर्यादा ठरलेली, त्यामुळे हौदा जड झाला की माल तेवढा कमी. त्यांनी साडेपाच सांगितले. ते चूक नव्हते. त्यांच्या कामाला ती गाडी तेवढ्याचीच होती.

रात्री मी कागद घेऊन बसलो. सव्वासातपासून सुरुवात. मागचे चारही टायर रिसोल, त्याचे पंचाहत्तर हजार वजा. किंग पिन आणि क्लचचे तीस. पट्टीमुळे गिऱ्हाईक बिचकतं त्याचे वीस. सहा लाख राहिले. दादा उठून बाहेर गेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जाळीचं तरी काहीतरी धरा."

जाळीचं धरायचं तर जाळी हवी असलेला माणूस पाहिजे होता. तो जतकडून आला. कडब्याचा व्यापारी. कडब्याला वजन नाही, पसारा आहे, त्यामुळे उंच जाळी त्याला हवीच होती. वजनाचं त्याला सोयरसुतक नव्हतं. जादा पाटे मात्र नको म्हणाला, हलक्या मालाला गाडी दणके खाते. फिटनेस संपत आला होता. आठ वर्षांनंतर तो दर वर्षी करावा लागतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात तो घातला की खर्चाच्या तिप्पट भाव पाडतात, म्हणून आम्हीच करून घेतला. त्यासाठी जाळी उतरवली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची नोंद बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. जाळी सुटी दिली. ती लावायची कशी, ते त्याचं आणि आरटीओचं. पावणेसातवरून बोलणं सुरू झालं आणि सहा चाळीसवर ठरलं. जाळीचे चाळीस आले म्हणायचे.

मधल्या काळात एक दलाल सहा सत्तर द्यायला तयार होता, रोख. फक्त २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या द्यायच्या, नाव नंतर होईल. दादाचे डोळे चमकले. पण गाडी नावावर असेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते स्पष्टच केलं आहे. तीस हजारांसाठी कोण जाणे कुठल्या रस्त्यावरची जबाबदारी घ्यायची, असं मी म्हणालो आणि या एका मुद्द्यावर मागे हटलो नाही. कडबेवाल्याने एक लाख इसार दिला, बोजा उतरवल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आधीच जोडलेला होता, आणि नाव चढल्याचं ऑनलाइन दिसल्यावर बाकीचे पैसे खात्यावर आले.

दादा गावात अजून सात सांगतो. काढलेले पाटे आणि दुसरी टाकी भंगारात गेली, त्याचे पैसे धरले तरी सात होत नाहीत. टेप त्याने विकलाच नाही.