ओढ जाळीवर, तांब्यावर नाही

सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहेच, पण शाळेच्या गणवेशांचाही इथे मोठा धंदा आहे. मी वायरमन. आयटीआयला तारतंत्रीचा कोर्स केला आणि पुढे रेडिमेड कपड्यांच्या शेडमधली वायरिंगची कामं घेत गेलो. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून शिलाईची खरी घाई एप्रिल-मे महिन्यांत. आज शर्टची लाईन, आठवड्याभराने पिनाफोरची. प्रत्येक बदलाला मशिनं इकडची तिकडे होतात आणि फरशीवर एक्स्टेंशनच्या वायरी वाढत जातात.

अशाच एका शेडचं काम माझ्याकडे आलं. बोर्ड फरशीवर पडलेले, त्यांवर कात्रणं आणि बारीक रुवा साचलेला. कापडाच्या गठ्ठ्यांची ट्रॉली वायरींवरूनच जायची. एक बोर्ड उचलून पाहिला, तर सॉकेटच्या भोकांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. पिन सैल बसली की तिथे ठिणगी उडते, जागा तापते. शेजारी रुवा असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. मालकांना म्हटलं, ‘साहेब, फरशीवर वीज नकोच. वरून ड्रॉप सोडू, म्हणजे मशिनपर्यंत लोंबणारी केबल.’ खर्चाचा आकडा ऐकून ते विचारात पडले, पण तो बोर्ड हातात घेतल्यावर तयार झाले.

प्रत्येक लाईनवर बसबार ट्रंकिंग, म्हणजे आत वीज वाहणाऱ्या पट्ट्या असलेली बंद पन्हळ, टांगली. ती पत्र्याला चिकटवून नेली तर काम सोपं होतं, पण सोलापूरचा उन्हाळा आणि वर तापलेला पत्रा! ड्रॉपच्या साध्या पीव्हीसी वायरीतल्या तांब्याचं तापमान 70 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. भोवतालची हवाच तापलेली असली की तीच वायर कमी करंट झेपवते. म्हणून ट्रंकिंग पत्र्यापासून बरीच खाली घेतली, हात वर केला तरी लागणार नाही इतकी.

मग लोडचा हिशेब. सर्व्हो मोटरचं शिलाई मशिन 550 वॅटचं, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण अडीच अँपिअर. 20 मशिनं एकाच फेजवर घातली तर पन्नासच्या घरात जातात. तिन्ही फेजवर वाटली तर एकेका फेजवर सोळा-सतरा येतात. म्हणून ट्रंकिंगमधून वीज काढून घेणारे टॅप-ऑफ बॉक्स आर, वाय, बी या फेजवर ओळीने लावले. प्रत्येक बॉक्सला स्वतःचा फ्यूज, म्हणजे एक मशिन बिघडलं तर तेवढंच बंद. इस्त्र्या हजार वॅटच्या वर घेतात, शिवाय तिथे वाफ आणि पाणी. त्यांना वेगळी लाईन आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच, दिली.

ड्रॉप कुठे सोडायचा, हे मात्र मशिनवरच्या बायकांनी ठरवलं. एक मावशी म्हणाल्या, ‘दादा, वायर म्होरं आली तर केसात अडकंल की, आन् कापड वढताना हातात यील.’ त्यांचं खरं होतं. प्रत्येकीला मशिनवर बसवून कापड कुठून येतं, हात कुठवर जातो ते पाहिलं आणि ड्रॉप टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात उतरवून टेबलाच्याच पायाला क्लॅम्प केला.

या कामाचा जीव आहे तो टांगण्यात. लोंबणाऱ्या केबलचं वजन आणि येताजाता बसणारे हिसके टर्मिनलच्या स्क्रूवर आले, तर आतली तार हळूहळू सुटते आणि तोच सैल जोड पुन्हा तापायला लागतो. त्यासाठी तारेच्या विणीची जाळीदार ग्रिप मिळते. ती केबलवर मोज्यासारखी चढवायची आणि तिचा फास वरच्या हुकात अडकवायचा. केबल जितकी खाली ओढाल तितकी जाळी आवळते. सगळी ओढ जाळीवर राहते आणि बॉक्समधली तार ढिली राहते. त्यातही हिरवी-पिवळी अर्थिंगची तार मी फेज आणि न्यूट्रलपेक्षा लांब ठेवतो. केबल उपसलीच, तर आधी फेज सुटावी आणि अर्थिंग सर्वांत शेवटी. मशिनचा लोखंडी सांगाडा तोवर सुरक्षित राहतो.

सप्लाय देण्याआधी प्रत्येक ड्रॉप पूर्ण ताकदीने खाली खेचून पाहिला. जो केसभरही सरकला, त्याची ग्रिप काढून पुन्हा बसवली.

त्यानंतर लाईन बदलायची तेव्हा मेन बंद करून टॅप-ऑफ बॉक्स दुसऱ्या जागी लावले की भागू लागलं, फरशी रोज झाडता येऊ लागली. मशिनं घेताना मालक सुईचा वेग विचारतात, धाग्याची बचत विचारतात. त्याच बैठकीत वीज कुठून येणार हेही ठरवावं. त्या मशिनवर दिवसाचे आठ-आठ तास बसणाऱ्या बाईच्या पायाखाली वायर नसणं हा तिचा हक्क आहे, आणि तो कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे.