चिकटपट्टी

संसारात कायमच्या वस्तूंचा फार गाजावाजा होतो. पण संसार चालतो तो तात्पुरत्या वस्तूंवर. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखालची कागदाची घडी, दार आपटू नये म्हणून खोचलेली चिंधी, नाडी ओवायला घेतलेली सेफ्टी पिन! या मंडळींत मास्किंग टेपला मी मानाचे पान देतो.

आमच्या लहानपणी हे काम खळ करी. कणीक पाण्यात शिजवायची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचे, की आकाशकंदिलापासून फाटक्या पुस्तकापर्यंत सारे सांधले जाई. 1971 च्या युद्धात मुंबईच्या कितीतरी खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या लागल्या होत्या. हादऱ्याने काच फुटलीच, तर तुकडे अंगावर उडू नयेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. पुढे त्या खरवडून काढताना मात्र नखे दुखत.

मास्किंग टेपचा जन्मच मुळी सुटण्यासाठी झाला. अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस आली तेव्हा एक रंग झाकून दुसरा मारताना झाकणाचा कागद निघे तो खालच्या रंगासकट. सँडपेपर करणाऱ्या कारखान्यातल्या रिचर्ड ड्र्यू या तरुणाने रंगाऱ्यांची ही तारांबळ पाहिली आणि 1925 साली ही कागदी पट्टी तयार केली. चिकटायचे, पण हट्ट धरायचा नाही, हा तिचा स्वभाव. तिच्या दणकट कापडी बहिणीने तर 1970 साली अपोलो 13 मधल्या तिघांचा श्वास राखला. हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल जागेत बसेनात. तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांवरच काम भागवावे लागले.

आमच्या घरी या पट्टीची गरज निराळ्याच कारणाने पडली. आईची आठवण विरत चालली होती. पट्टीवर पेनाने लिहिता येते, म्हणून आम्ही डब्यांवर 'हळद', 'मीठ' असे लिहून चिकटवले. मग दिव्यांच्या बटणांची पाळी आली, मग न्हाणीघराच्या दाराची. गॅसपाशी 'बंद केलास का?' असे बहिणीने लिहिले. आई ते मोठ्याने वाची आणि 'केला हो!' असे पट्टीलाच उत्तर देई. एके दुपारी तिने आपणहून एक तुकडा मागून घेतला. माझ्या फोटोखाली तो लावून थरथरत्या अक्षरांत तिने लिहिले, 'हा थोरला.' मी शेजारीच उभा होतो. कुणी काही बोलले नाही.

ती गेल्यावर सवडीने आम्ही पट्ट्या काढल्या. पण या पट्टीचाही एक कायदा आहे: तिला वेळेवर काढावे लागते. उन्हात वर्षानुवर्षे राहिली, की कागद कुरकुरीत होऊन तुटतो आणि डिंक मागे राहतो. खिडकीजवळच्या डब्यावरची पट्टी तशीच अडून बसली. रॉकेलचा बोळा फिरवला असता तर निघाली असती. "राहू दे," बायको म्हणाली.

त्या 'हळदी'त आता रवा असतो. घरात कुणाचाही घोटाळा होत नाही.