नळीचं तोंड

इथे ओहायोत बंदुकांच्या दुरुस्तीचं काम करताना एक गोष्ट नेहमी दिसते. रिव्हॉल्व्हरची नळी आखूड करून मागणारा गिऱ्हाईक कापण्याबद्दल बोलतो, पैसेही कापण्याचेच द्यायला बघतो. कापायला काय, हॅक्सॉ आहे, व्हाइस आहे! भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम परवान्याशिवाय नळी आखूड करू देत नाही. इथला केंद्रीय कायदा रायफलच्या नळीला १६ आणि शॉटगनच्या नळीला १८ इंचांची मर्यादा घालतो, हँडगनला तशी घालत नाही. मग लोकांना वाटतं, आपणच करू.

खरं काम करवत खाली ठेवल्यावर सुरू होतं. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी तिच्यामागचा वायू चहूबाजूंनी एकदमच सुटायला हवा. तोंड केसभर तिरकं असलं तरी तो एका अंगाने आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढुशी देतो. म्हणून मी नळी लेथवर लावतो ती आतल्या भोकाला डायल गेज लावून. बाहेरच्या अंगाचा भरवसा नाही, भोक बरोबर मधोमध असेलच असं नसतं. तोंडाला बहुधा ११ अंशांचा उतार देतो. मग कापसाचा बोळा आतून बाहेर ओढायचा. नळीच्या आतल्या आट्यांच्या कडेला डोळ्यांना न दिसणारी धातूची बर राहिली असेल तर तिथे एखादा धागा अडकून राहतो. गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला लॅपिंग पेस्ट लावून घासायची जुनी युक्ती बर काढायला उत्तम, पण तिरकं तोंड त्याने सरळ होत नाही.

कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर साडेसात, साडेपाच आणि पावणेपाच इंचांत मिळायचं. पावणेपाचात काडतुसाची पुंगळी ढकलणाऱ्या दांड्याचं घर नळीच्या तोंडापर्यंत येतं. त्याहून आखूड करायचं तर दांडाही आखूड करावा लागतो, मग पुंगळी पुरती बाहेर येत नाही. आणि जुनं, मूळ लांबीचं कोल्ट कापायला आणलं तर मी सरळ नकार देतो. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत त्या लांबीतही असते.

पिस्तुलाचं तर नावच नको. कोल्टच्या १९११ मॉडेलची नळी पाच इंच. कोल्टने सव्वाचार इंची कमांडर काढलं तेव्हा स्लाइडही आखूड केली. स्लाइडचं वजन, स्प्रिंगचा जोर, नळी खाली झुकण्याची वेळ, सगळं एकमेकांत अडकलेलं. तिथे तयार आखूड पिस्तूलच घ्यावं.

रिव्हॉल्व्हरची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, मात्र कापलेल्या तुकड्याबरोबरच जाते. नवी बसवताना मी मुद्दाम उंच ठेवतो. रेंजवर गिऱ्हाइकाच्याच हातून, त्याच्याच काडतुसांनी गोळ्या झाडायला लावतो. त्या खाली लागतात. मग कानस घ्यायची, माशी थोडी उतरवायची, पुन्हा झाडायला सांगायचं. कानस दोनदा जास्त फिरली तर नवी माशी.