तहानेची गोष्ट

कोलरिज या इंग्रज कवीचा एक म्हातारा खलाशी आहे. लग्नाला निघालेल्या पाहुण्याला तो वाटेत अडवतो आणि आपली गोष्ट ऐकायला लावतो. काही कारण नसताना त्यानं अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी मारला. मग वारा पडला आणि जहाज जागीच खिळलं. समुद्रात असून माणसं तहानेनं तडफडली. सगळे सोबती गेले, हा एकटा उरला. पुढं पाण्यातल्या सापांचं देखणेपण पाहून त्याच्या मनात माया दाटली, तेव्हा कुठं पाऊस आला. तरीही त्याची पुरती सुटका झाली नाही. देशोदेशी फिरून ही गोष्ट सांगत राहणं त्याच्या नशिबी आलं.

1798 ची ही कविता. तिच्यावर आयर्न मेडन या बँडच्या स्टीव्ह हॅरिसनं 1984 मध्ये तेरा मिनिटांहून मोठं गाणं रचलं. बीडमध्ये ते मी कॅसेटवर ऐकत आलो. इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळायचे, तहान मात्र पुरती कळायची. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर रिते झालेले ढग आमच्याकडं नुसतेच येऊन जातात. उन्हाळ्यात टँकरमागं धावणारे हंडे, दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोड टोळ्या, मागं कुलूपबंद घरं आणि उंबऱ्याशी बसलेली म्हातारी माणसं. पाण्यावाचून काय होतं, हे आम्हाला कोणत्या कवितेनं शिकवावं लागत नाही.

1 फेब्रुवारी 2008 रोजी हा बँड मुंबईत आला. 1975 मध्ये पूर्व लंडनमध्ये सुरू झालेला, माणसं बदलली तरी न थांबलेला. गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिकही आहे. वादक, कामगार आणि टनावारी सामान एकाच बोइंग 757 विमानात भरून, ते स्वतः चालवत तो जगाच्या दौऱ्यावर निघाला होता, आणि त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत होता. मी बीडहून रात्रीच्या एसटीनं निघालो. नगरच्या रस्त्याला उसानं भरलेल्या गाड्या लागत होत्या. या गाड्या भरणारे हात कुठले, हे मला विचारावं लागलं नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान काळ्या टी-शर्टांनी भरलेलं. चर्चिलच्या युद्धकाळातल्या भाषणाचा आवाज घुमला आणि पाठोपाठ ‘एसेस हाय’ सुरू झालं. पुढं 2009 मध्ये ‘फ्लाइट 666’ हा माहितीपट आला, त्यात हे गाणं मुंबईतलंच आहे. तीन गिटारींचा आवाज कानाआधी छातीला लागत होता. पण मी वाट पाहत होतो ती खलाशाची.

त्या गाण्याच्या मध्यावर सगळा वेग ओसरतो. बास सावकाश चालत राहतो, जहाजाची लाकडं करकरतात, कोलरिजचे शब्द खोल आवाजात येतात. कॅसेटवर ही जागा मला दोन जोरकस भागांमधला विसावा वाटायची. तिथं उभं राहिल्यावर कळलं, की गाण्याचा जीव याच जागेत आहे. वारा पडल्यावर वेळ कसा साचतो, ते आम्ही सगळे एकत्र सोसत होतो. मग निको मॅकब्रेनचे ड्रम जागे झाले, डिकिन्सनचा आवाज वर चढला, आणि शेजारच्या अनोळखी पोरानं माझा खांदा घट्ट धरला.

तेव्हा मला आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट ती येईल त्याला सांगायची: खडी फोडायची कामं, रेशनची तांबडी मिलो, सुकडीच्या रांगा. घरच्यांना पाठ होती, तरी ती नव्यानं सांगायची आणि सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतून नजर काढायची नाही. भोगलेलं असं दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय तिला राहवत नसे. चोवीस वर्षांपूर्वीचं गाणं त्या रात्री इतक्याच निकडीनं गाणारी ही माणसं मला तिच्या जातकुळीची वाटली.

पुढं डिकिन्सनला कर्करोगानं गाठलं. त्यातून उठून तो पुन्हा गाऊ लागला. डिसेंबर 2024 मध्ये मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला. 2025 मध्ये पन्नाशीचा दौरा नव्या ड्रमवादकासह निघाला. त्या रात्रीचा संच आता तसा उभा राहणार नाही, म्हणून ती रात्र मला अधिक मोलाची आहे. ध्वनिमुद्रणात गाणं टिकतं, पण सोसलेली गोष्ट सांगायला समोर माणूस लागतो. खलाशालाही पाहुणा भेटला नसता तर त्याचं ओझं उतरलं नसतं. सांगणारा इतक्या लांबून येत असेल, तर ऐकणाऱ्यानं बीडहून मुंबईला जाणं हा त्या गोष्टीचाच भाग आहे.